पाच गावांची चिठ्ठी

बोरवंडी, ता. कंधार
८ फेब्रुवारी १९७३

दादा,

जयभीम.

तू गेल्याला आज एकवीस दिवस झाले. किनवटला एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागलास, एवढं शेषेराव गुरुजींच्या मेव्हण्याकडून कळलं. खरं का खोटं माहीत नाही, तरी त्याच पत्त्यावर हे टाकते. पोचलं तर दोन ओळी लिही. माझ्यावर राग असेल तर सिंधुवहिनीच्या नावानं लिही.

घरी सगळे ठीक आहेत. आई आणि वहिनी दोघीही तलावाच्या कामावर जातात. लिंबाजीच्या आईला, धुरपताबाईला, त्या दिवशी गर्दीत लागलं, पण आता बरी आहे. तू तिची काळजी करू नको.

गुरुजींनी मला एक काम लावलंय. चिठ्ठ्यांचा कारभार कसा सुरू झाला आणि कसा बिघडला, ते पहिल्यापासून लिहून मागितलंय. पाच गावांच्या बैठकीत ते वाचायचं आहे. मी लिहिलेलं जसंच्या तसं खाली उतरवते. चुकलं असेल तर सांग.

"पाऊस गेल्यापासून मन्याड नदीच्या दोन्ही अंगांच्या पाच गावांतली माणसं एकाच पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागली. पगार आठवड्याचा ठरलेला, पण यायचा कधी पंधरा दिवसांनी, कधी वीस. तोवर खायचं काय? तेव्हा लोणवाडीच्या शाळेचे शेषेराव गुरुजी यांनी तोड काढली. प्रत्येक गावानं आपली एक कणगी भरायची. कणगीत जितके शेर ज्वारी, तितक्याच चिठ्ठ्या त्या गावानं शिक्का मारून काढायच्या. एक चिठ्ठी म्हणजे एक शेर. कामावरच्या माणसाला पगार येईस्तोवर चिठ्ठ्या द्यायच्या, पगार आला की त्यातून कणगी पुन्हा भरून घ्यायची. कुठल्याही गावची चिठ्ठी पाचही गावांत चालायची. गिरणीवाला घ्यायचा, न्हावी घ्यायचा, किराणावालाही घ्यायचा.

बोरवंडीचा शिक्का रामकिशन यांच्याकडे होता. डिसेंबर सरता सरता पगार थांबला, तो तीन आठवडे आलाच नाही. आपल्या कणगीत ज्वारी नसताना रामकिशन यांनी चारशे चिठ्ठ्या जास्तीच्या काढल्या. ज्वारी उरली होती ती नदीपलीकडं मोठ्या सावळीला, म्हणून त्या चिठ्ठ्या सावळीच्या कणगीवर जाऊ लागल्या. सतरा जानेवारीला, बुधवारी, ही गोष्ट फुटली. आपली चिठ्ठी आता कागद होणार या भीतीनं पाच गावांची माणसं एकदमच सावळीला धावली. चेंगराचेंगरी झाली. गोष्ट कोणी फोडली ते कळलेलं नाही."

एवढंच लिहिलंय. तू चारशे चिठ्ठ्या का काढल्यास ते लिहिलं नाही. वस्तीत आठ घरांच्या चुली पेटल्या नव्हत्या, लेकरं सरकारी सुकडीवर दिवस काढत होती, हे लिही, असं गुरुजी म्हणाले. मी नको म्हणाले. लोक म्हणतील, बघा, आपल्याच माणसांना वाटल्या. तू तर अर्ध्याहून जास्त चिठ्ठ्या गावातल्या बाकीच्या घरांना दिल्यास. पण ते ऐकायला कोण बसलंय?

कामावर आमच्या ओळीत आता कुणी बसत नाही. काल सावळीचे दोघे वहिनीजवळ येऊन उभे राहिले. "नवरा कुठं लपवला?" म्हणाले. वहिनी खडी फोडत राहिली. घरी आल्यावर बघितलं तर हातोडी तिच्या अंगठ्यावर बसली होती आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

तू इतक्यात येऊ नको.

तुझी,
पंचशीला


१२ मार्च १९७३

दादा,

जयभीम.

तुझं उत्तर नाही. वहिनीला मात्र आलं, तिनं मला वाचायला दिलं नाही. "बरा हाय," एवढंच म्हणाली.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. धुरपताबाई बरी नव्हती. ती सव्वीस जानेवारीला गेली. त्या बुधवारी ती सावळीच्या पायऱ्यांवर पडली आणि तिच्या अंगावरून माणसं गेली. लिंबाजीनं आईला पाठीवर घेऊन नदी ओलांडली. नऊ दिवस ती कण्हत होती. मी रोज जाऊन पाणी पाजत होते. तुला कसं लिहू, ते कळत नव्हतं. आता लिहिलं.

पगार फेब्रुवारीत आला. पाचही गावांनी कणग्या भरल्या म्हणून सांगितलं आणि गेल्या रविवारी लोणवाडीच्या शाळेत बैठक झाली. आपल्या गावचं कुणी जायला तयार नव्हतं. मी लिहिलेलं वाचायला मलाच जावं लागलं. खोलीत बाई मी एकटीच.

मी वाचून संपवलं तसे सावळीचे अमृतराव पाटील उठले. तुला त्यांचा आवाज ठाऊक आहे, ओरडत नाहीत, पण सगळे गप्प होतात.

"बोरवंडीला काढा यातनं," ते म्हणाले. "त्यांची चिठ्ठी आम्ही घेणार न्हाई. आमच्या गावानं ज्वारी राखायची अन् त्यांनी शिक्के मारायचे, हे किती दिवस चालायचं?"

दोन गावांनी "हाव, काढा," म्हटलं. गुरुजी म्हणाले, "पाटील, आज बोरवंडी काढली तर उद्या लोक विचारतील, आता पुढचं कोण? मग कोणत्याच गावची चिठ्ठी कोणी घेणार नाही. चूक एका गावची हाय, पण चिठ्ठी पाचांची हाय. नियम नव्हता म्हणून चूक झाली. नियम करू."

चार तास चाललं. शेवटी असं ठरलं की कोणत्याच गावानं शिक्का स्वतःजवळ ठेवायचा नाही, पाचही शिक्के लोणवाडीच्या शाळेत कुलपात राहतील. प्रत्येक कणगीतला पाचवा हिस्सा काढून लोणवाडीला राखीव ठेवायचा. एखादं गाव अडलं तर त्यातून द्यायचं, पण त्या गावानं मग बाकीच्यांचं ऐकायचं. आणि एका तपासनिसानं न सांगता कुठल्याही गावी जाऊन स्वतःच्या हातानं कणगी तपासायची.

तपासनीस कोण, यावर पुन्हा भांडण. सावळीचा चालत नव्हता, लोणवाडीचा चालत नव्हता. तेव्हा अमृतराव हसले. "ज्यांच्या घरात चोरी झाली त्यांनाच कुलपाची किंमत कळते. रामकिशनच्या बहिणीला करा. मॅट्रिक झालीय ना?"

सगळे हसले. आणि मग हसता हसता तसंच ठरलं.

त्यांनी मला का नेमलं ते मला कळतंय. मी त्यांच्या दारात जायला धजणार नाही. आणि पुन्हा काही झालं तर नाव लावायला आपलं घर तयारच आहे. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाही. त्याचाच होकार धरला गेला.

गुरुजींनी मला एक पोकळ सळई दिली. ती कणगीत खुपसली की आतलं, तळातलं धान्य तिच्या खाचेत येतं. मी ती घरी आणून कोपऱ्यात ठेवली. आई तिच्याकडं बघते आणि मग माझ्याकडं बघते.

दादा, मला फार भीती वाटते. तू असतास तर तुला विचारलं असतं. तू असतास तर हे झालंच नसतं, हेही खरं.

पंचशीला


२१ एप्रिल १९७३

दादा,

जयभीम.

यंदा जयंती साधीच झाली. मेणबत्त्या लावल्या, वंदना घेतली, सगळ्यांना अर्धा अर्धा पेला गुळाचं पाणी. कुणीतरी तुझं नाव काढलं आणि मग सगळे दुसऱ्या गोष्टी बोलायला लागले.

आता परवाचं सांगते. हे पत्र लांबेल.

चार गावांच्या कणग्या मी महिनाभरात पाहिल्या. आपली पहिली पाहिली. कुठं दोन-चार पायल्या कमी, कुठं किडकी ज्वारी, पण मोठं काही नव्हतं. सावळी राहिली होती. रोज सकाळी ठरवायची आणि रोज काहीतरी कारण काढून टाळायची. बुधवारी वहिनी म्हणाली, "उद्या मी येते संगं. दोघी जाऊ." मग कारण उरलं नाही.

गुरुवारी दुपारी कोरडी नदी ओलांडून गेलो. आता गुरुवार हा सावळीचा वाटपाचा दिवस. मारुतीच्या देवळापुढं बायांची रांग लागली होती, पन्नासेक असतील. सावळीची कणगी देवळाच्या ओवरीत आहे, तुला माहीतच आहे. त्या ओवरीत आपल्यापैकी कुणी कधी पाय ठेवलेला नाही. त्यांनी कणगी तिथं का ठेवली, ते मला त्या पायऱ्या चढायची वेळ आल्यावर कळलं.

अमृतराव कट्ट्यावर बसले होते.

"एवढ्या उन्हात कशाला आलीस, पोरी? निरोप धाडला असतास तर आकडा लिहून पाठवला असता."

"निरोप न देता यायचं ठरलंय, पाटील."

"बरं. मग तिथं सावलीत बस. मी ज्वारी भायेर आणून दाखवतो."

"सळई मीच खुपसायची. तुमच्यासमोरच ठरलं."

"ठरलं. पण कणगी कुठं हाय ते दिसतंय ना तुला?"

दादा, मी तिथून परत फिरणार होते. खरं सांगते, पाय मागं वळलेही होते. तेवढ्यात रांगेतून सावळीची साखराबाई बोलली. ती तिथल्या बायांच्या टोळीची मुकादमीण, कामावर तिला सगळे ओळखतात.

"जाऊ द्या की तिला आत. देव काय उठून जाणार हाय? आमच्या लेकरांच्या तोंडचं हाय ते. आम्हालाबी कळू द्या किती हाय."

"हाव, जाऊ द्या," आणखी दोघी-तिघी म्हणाल्या. त्यांना माझं प्रेम नव्हतं आलं. जानेवारीपासून त्याही घाबरलेल्याच आहेत.

मी चपला काढल्या आणि चढले. अमृतराव मागून आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

कणगी माझ्या डोक्याहून उंच. शेजारच्या पोत्यावर चढून बघितलं, वर ज्वारी दिसत होती, पांढरी, चांगली. मी सळई खुपसली. हातभर जड गेली आणि मग एकदम सैल झाली, गवतात जावी तशी. बाहेर काढली तर खाचेत भुसा होता. दुसऱ्या बाजूनं खुपसली, पुन्हा भुसा. वर हातभर ज्वारी आणि खाली तळापर्यंत भुसा.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचं तोंड घामानं भिजलं होतं.

"बाई," ते म्हणाले. मला त्यांनी पहिल्यांदाच बाई म्हटलं. "मी खाल्ली न्हाई. गावात चिठ्ठीबिगर अर्धी वाटली. लोक दारात येऊन बसायचे, न्हाई कसं म्हणू? बाकीची विहिरीवरच्या गड्यांना दिली. पाणी लागलं असतं तर गाव वाचलं असतं. न्हाई लागलं. पगार आला की भरू, असं वाटलं."

"विहीर तुमचीच ना?"

त्यांनी पटक्यानं तोंड पुसलं.

"माझ्या दादानं याहून वेगळं काय केलं होतं? त्याला चोर म्हणालात."

"म्हणलो. त्या दिवशी माझी कणगी रिकामी होऊन राहिली होती. भ्यालो होतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता तू भायेर जाऊन सांगशील. सांग. पण पन्नास बाया उभ्या हायेत. घटकाभरात पाच गावं येतील. त्या बुधवारी एक म्हातारी गेली. आज किती जातील?"

दादा, ते मला धमकावत होते हे कळत होतं. आणि ते खरं बोलत होते हेही कळत होतं. मला धुरपताबाईचं कण्हणं ऐकू यायला लागलं. सांगितलं तर माणसं मरणार. लपवलं तर मीही त्या भुशातली झाले, आणि चिठ्ठी महिन्याभरानं मरणारच, तेव्हा आणखी माणसं मरणार. तिथं किती वेळ उभी होते माहीत नाही.

मग गुरुजींनी राखीव कशाला ठेवायला लावली ते आठवलं. वहीतलं पान फाडून लिहिलं, "सावळी रिकामी. राखीव गाड्यांतून आजच पाठवा. कुणाला सांगू नका." खाली सही केली.

"मी सांगणार आहे, पाटील," मी म्हटलं, "पण गाड्या आल्यावर."

बाहेर येऊन वहिनीला चिठ्ठी दिली आणि कानात म्हटलं, लोणवाडीला पळ. दीड कोस. ती गेली. मग मी रांगेला म्हटलं, "तपासणी अर्धी झालीय. पुरी झाल्याशिवाय कणगीला कुणी हात लावायचा नाही. तुम्हीही नाही, पाटीलही नाहीत." आणि ओवरीच्या उंबऱ्यावर बसले. उभी राहिले असते तर पळाले असते म्हणून बसले. लोकांना वाटलं ठाण मांडून बसलीय.

बारा वाजता बसले ते साडेचारपर्यंत. गर्दी वाढत गेली. पुरुष आले. "आत काय बघितलंस ते बोल!" "देऊळ बाटवून वर आम्हालाच अडवती?" एक दगड माझ्या डोक्यावर भिंतीला लागला. साखराबाई रांगेतून निघून माझ्याशेजारी येऊन बसली. तिनंही मला एकदाच विचारलं, "कमी हाय ना?" मी तिच्याकडं बघितलं नाही. मला तिच्याकडं बघवतच नव्हतं, का ते पुढं कधी सांगेन. ती उठून ओरडली असती तर सगळं संपलं होतं. ती बसून राहिली.

गाड्या आल्या. तीन गाड्या, गुरुजी पुढच्या गाडीत, वहिनी मागच्या गाडीत पोत्यांवर. त्या देवळापुढं थांबल्यावर मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कणगीत भुसा आहे, ज्वारी पाटलांनी काढली, ही गाड्यांतली ज्वारी पाच गावांची राखीव आहे, आज प्रत्येकीच्या निम्म्या चिठ्ठ्यांची ज्वारी इथंच मिळेल, उरलेली शनिवारी.

क्षणभर सगळी गर्दी गाड्यांकडं हलली. मी डोळे मिटले. पण पोती डोळ्यांपुढं होती ना. ज्वारी दिसत होती. धावायचं कशाला? साखराबाईनं पदर खोचला आणि "रांगेनं या गं," म्हणाली. आणि बाया रांगेनं आल्या.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही, दादा.

काल बैठक झाली. अमृतरावांनी तीन हप्त्यांत ज्वारी परत भरायची, तोवर सावळीच्या वाटपाला बाहेरचा माणूस राहणार. सावळीला काढा असं मात्र कुणी म्हटलं नाही. गुरुजींनी विचारलं, "मग रामकिशनला का जावं लागलं?" अमृतराव खाली बघत होते. मीही खालीच बघत होते.

पंचशीला


३ मे १९७३

दादा,

मागच्या पत्रात मी लिहिलं की साखराबाईकडं बघवत नव्हतं. आज कारण लिहिते. हे पत्र फाडून टाकलंस तरी चालेल.

तू जास्तीच्या चिठ्ठ्या काढतोस, हे मला आठ जानेवारीलाच कळलं होतं. तू कणगीचा तळ झाडत होतास आणि शिक्का शेजारी ओला होता. मी तुला विचारलं नाही. मला वाटलं, विचारलं तर तू खरं सांगशील आणि मग मला काहीतरी करावं लागेल.

आपल्या घरात माझ्या आणि आईच्या मिळून बेचाळीस चिठ्ठ्या होत्या. आठ दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. ह्या कागद होणार, आई काय खाणार, एवढंच डोक्यात. सोळा तारखेला, मंगळवारी, मी कुणाला न सांगता सगळ्या पदरात बांधून सावळीला गेले आणि सगळीच्या सगळी ज्वारी मागितली. माप घालायला साखराबाई होती. "एवढी एकदम कशाला गं? उंदरांना घालती का?" ती हसून म्हणाली. मी म्हटलं, "मावशे, तुझ्याकडं बोरवंडीच्या चिठ्ठ्या असतील तर आजच मोडून घे. कणगी रिकामी हाय आमची."

एवढंच बोलले. तिनं तिच्या बहिणीला सांगितलं असेल. बहिणीनं आणखी कुणाला.

गोष्ट मी फोडली, दादा. आधी आपलं पोतं भरून घेतलं आणि मग फोडली. तू पाच गावांपुढं उभं राहून "दोष माझा एकट्याचा" म्हणालास तेव्हा मी आईच्या मागं उभी होते, आणि घरात ती ज्वारी पांघरुणाखाली होती.

साखराबाई आजवर कुणाला बोलली नाही. का नाही बोलली, विचारायची हिंमत होत नाही. धुरपताबाईला नऊ दिवस मी पाणी पाजलं. ती म्हणायची, "पोरी, तुझे लई उपकार हायेत."

पं.


बोरवंडी, ता. कंधार, जि. नांदेड
२९ ऑगस्ट १९८२

दादा,

जयभीम.

नऊ वर्षं मी तुला लिहिलं नाही आणि तूही नाही. वहिनी त्र्याहत्तरच्या जूनमध्ये तुझ्याकडं आली त्यानंतर तिच्याकडूनच कळतं, लेकरं किती झाली, तू वसतिगृहात मोठा स्वयंपाकी झालास, दमा त्रास देऊन राहिलाय. ती दर पत्रात शेवटी लिहिते, "हे बरे आहेत, नमस्कार सांगतात." तू सांगत नाहीस, ती लिहिते, हे मला कळतं.

माझं तीन मेचं पत्र तुला मिळालं होतं. वहिनीनं एकदा सांगितलं. तू ते वाचून चुलीत घातलंस, आणि नंतर कधीही, कुणालाही, रागातसुद्धा, त्यातला एक शब्द बोलला नाहीस. गावचा कुणीही किनवटला आला की चोर म्हणून तुझ्याकडं बघायचा. तरी नाही.

इथलं सांगते. त्र्याहत्तरला पाऊस आला, दिवाळीपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून शाळेपुढं जाळल्या. पण पाच कणग्या आणि राखीव चालूच ठेवली, पेरणीला, अडीनडीला. तपासनीस मीच राहिले. आता लोक मला पंचशीलाबाई म्हणतात. सावळीच्या ओवरीत मी वर्षातून चारदा जाते, कुणी बघतसुद्धा नाही.

यंदा पुन्हा पाऊस नाही. जुलैच्या मध्यापासून आभाळ कोरडं आहे, मूग गेला, ज्वारी करपून राहिलीय. त्यातच पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. सावळी आणि तिच्या शेजारचं गाव तिकडं, आपली तीन गावं नांदेडात. आधीही ते उस्मानाबादचे होते, पण तेव्हा कुणाला त्याचं काही नव्हतं. आता एकदम सगळ्यांना जिल्हा आठवला. "त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला. राखीव वाटून घ्या, उद्या तिकडच्या साहेबानं कुलूप लावलं तर?" पारावर, गिरणीवर, हेच. रविवारी दोन घरांनी आपला हिस्सा कणगीतून काढून नेला. मंगळवारी सात घरांनी. दादा, मला तो वास ओळखता येतो.

परवा, शुक्रवारी, बैठक झाली. गुरुजी आता सेवेतून निवृत्त झालेत, पण तेच अध्यक्ष. अमृतराव काठी टेकत आले. गोंधळ झाला. वाटून घ्या, वाटून घ्या. मग धुरपताबाईचा लिंबाजी उठला. तो आता सोसायटीत आहे, शहाणा झालाय. तो म्हणाला, "जिल्हा बदलला म्हणून नदी बदलली का? नऊ वर्षं या पंचशीलाबाईनं एक दाणा इकडचा तिकडं होऊ दिला न्हाई. ती हाय तोवर भ्यायचं कारण न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. धुरपताबाईचा लेक माझी ग्वाही देत होता, दादा, आणि मी तिथं बसून ती घेणार होते.

मी उभी राहिले आणि सांगितलं. आठ जानेवारी, सोळा जानेवारी, बेचाळीस चिठ्ठ्या, पांघरुणाखालची ज्वारी. साखराबाईचं नाव घेतलं नाही, म्हटलं एका बाईला बोलले. तर ती मागून उठून म्हणाली, "ती बाई मी. मला वाटलं पोर हाय, भ्याली आसंल. मीबी भ्यालेच की."

लिंबाजी उभाच होता. त्यानं मला विचारलं, "मग नऊ वर्षं आमच्या घरी कशी येत होतीस? माझ्या लेकीच्या बारशाला पाळण्याची दोरी तू धरलीस."

मी म्हटलं, "भीतीनं." तो म्हणाला, "कशाची?"

मग अमृतराव बोलले. म्हातारे झालेत, आवाज पहिल्यासारखा राहिला नाही. "मी त्या वेळी बोरवंडीला काढा म्हणलो होतो. माझ्या कणगीत भुसा निघाला, तरी सावळीला कुणी काढलं न्हाई. आता राखीव वाटली तर पुढच्या वेळी गाड्या कुठनं यायच्या? लातुराहून?" एवढं बोलून ते खाली बसले. वाटणीचं बोलणं तिथून मागं पडलं. संध्याकाळच्या आत ठरलं की राखीव एकच राहील, पण लोणवाडीला कुलपाला दोन किल्ल्या, एक नदीच्या अलीकडं, एक पलीकडं. तपासनीसही दोन. त्या नऊ घरांपैकी पाच घरांनी काल ज्वारी परत आणून घातली.

मला काढलं. गुरुजींनीच सांगितलं, "नियम सगळ्यांना सारखा, पंचशीला." मी किल्ली आणि सळई टेबलावर ठेवली. आपल्या बाजूनं लिंबाजीला नेमलं. आज सकाळी तो आपल्या गावची कणगी तपासायला आला तेव्हा मी बाकीच्या बायांमध्ये उभी होते. त्यानं तीन बाजूंनी सळई खुपसली, माझ्याकडं न बघता आकडा लिहिला. बरोबर भरला.

आई तिथंच बसली होती. तिला आता नीट दिसत नाही. तिनं कुणाच्या तरी हाताला धरून विचारलं, "रामकिशन येईल का आता?" तो हात लिंबाजीचा होता. तो थांबला. मग मला म्हणाला, "त्याला पत्र लिहिता ना? लिहा. माझ्या आईच्या नावानं त्याला या गावात कुणी काही बोलणार न्हाई, मी सांगितलंय म्हणावं. तुमचं मी अजून ठरवलं न्हाई."

म्हणून हे पत्र.

तू ये, दादा. लेकरांना घेऊन ये. स्टँडवर मी येऊ का नको, तेवढं वहिनीकडून कळव.

पंचशीला